रुमालाखालचं मत

केरबाआप्पा गेले तो बाजाराचा दिवस होता. सकाळी नऊ वाजता गेले. त्या दिवशी हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या बैलबाजारात रुमालाखाली एकही सौदा झाला नाही.

ज्यांनी बैलबाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नाही अशी जुनी पद्धत. दलाल आणि घेणारा एका रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती पंधरा माणसं उभी असतात, पण त्यांना एवढंच दिसतं की कापडाखाली काहीतरी हलतंय. आप्पांनी उभं आयुष्य ही दलाली केली. दलाल आणखीही होते. आप्पांचं वेगळेपण असं, की त्यांनी हा रुमाल बाजारातून उचलला आणि गावाच्या बाकी सगळ्या कारभारावर पसरला.

कुठलाही वाद कानावर आला, की त्यांच्या खांद्यावरचा लाल चौकडीचा रुमाल खाली यायचा.

"तोंडं मिटा. मत घेऊन राहिलो."

मग एकेकानं पुढे व्हायचं आणि रुमालाखाली हात घालायचा. बोट दिलं तर होय. मूठ दिली तर नाही. आप्पा वर आभाळाकडे बघत हात चाचपायचे, जसं काही त्या हाताशी त्यांचा संबंधच नाही. सगळे झाले की आकडा सांगायचे. कोणी काय दिलं हे त्यांनी कधीही सांगितलं नाही. त्यांचं स्वतःचं मतही कधी कळलं नाही. "दलालाला मत नसतं," ते म्हणायचे.

"पण आप्पा, हात वर करा म्हणलं तर लवकर होईल की," असं मी एकदा म्हणालो. मी शाळेत मास्तर. मतदानाच्या वेळी पेट्या सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे या विषयात आपल्याला कळतं असा माझा समज होता.

"मास्तर, हात वर कराया लावला की माणूस आधी शेजाऱ्याचा हात बघतं. तोंडानं माणूस गावाचं बोलतं. बोटानं सोताचं बोलतं."

शाळेच्या भिंतीला पिवळा रंग की निळा, याचं मत रुमालाखाली झालं. सप्त्याला बाहेरचा कीर्तनकार आणायचा की गावातलाच, तेही झालं. गावातल्या कीर्तनकारानं स्वतः येऊन बोट दिलं की मूठ, यावर लोक पुढे महिनाभर पैजा लावत होते. एकदा तर मुलगी दाखवायच्या बैठकीत, पोहे संपल्यावर, आप्पांनी आजीच्या शेजारी बसलेल्या मुलीपुढे रुमाल धरला. "लेकरा, तुझं काय?" बाहेर येऊन त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "मला ही सोयरीक पसंत न्हाई." दोन्हीकडच्यांनी त्यांना भरपूर शिव्या दिल्या. मुलीनं काय दिलं होतं, हे आता सांगायची गरज नाही.

रुमाल एकदाच अडचणीत आला, तो रंगनाथमुळे. रंगनाथचं स्टँडवर चहाचं हॉटेल. चहात साखर कमी झाली असं गिऱ्हाइकांचं म्हणणं, आणि माझ्या हॉटेलाची बदनामी करून राहिले असं रंगनाथचं. आप्पांनी मत घेतलं. साखर कमी झाली का? बारा जणांनी हात घातले, रंगनाथ धरून. आप्पांनी आभाळाकडे बघतच निकाल दिला, "बारा बोटं. मूठ एक बी न्हाई."

 मग कोणीतरी माणसं मोजली, रंगनाथसकट बाराच, आणि छप्पर उडेल असा हशा झाला. रंगनाथ लाल होऊन म्हणाला, "खोटं कसं बोलू? हात आत गेला की बोट आपसूक निघून येतं." दुसऱ्या दिवसापासून साखर वाढली. पण आप्पा आठ दिवस अस्वस्थ होते. एका संध्याकाळी माझ्याकडे वाचनालयात आले. वाचनालय म्हणजे शाळेची एक खोली आणि दोन कपाटं.

"मास्तर, माझ्या हातून चूक झाली. समद्यायची बोटं एक निघाली तर आकडा सांगू न्हाई. आकडा सांगितला की रुमाल फाटला. समद्यायचं उघडं पडतं."

"मग काय सांगायचं?"

"नुस्तं व्हय म्हणायचं, न्हाई तर न्हाई. बास." आणि जाता जाता म्हणाले, "ह्ये तुमाला सांगितलं. दुसऱ्याला सांगू नका."

आता सोमलाभाऊंबद्दल सांगायला हवं, कारण आप्पांबद्दल सांगताना ते मध्ये येतातच. आप्पा बोलत असतानाही यायचे. सोमलाभाऊ शेजारच्या बंजारा तांड्यावरचे. त्यांचे पूर्वज बैलांचे तांडे हाकत मुलूखभर फिरलेले. सोमलाभाऊ बैलाच्या पाठीवर नुसता तळवा ठेवून जनावर किती चालेल, कुठे बसेल, कशानं मरेल हे सांगायचे. ते बैल बघायचे, आप्पा सौदा करायचे. बाजारतळाला लागून असलेल्या दोन खोल्यांत दोघं तीस वर्षं राहिले. लग्न दोघांनीही केलं नाही. विचारलं तर आप्पा म्हणायचे, "येळ कुठं मिळाला?" आणि आतून सोमलाभाऊ म्हणायचे, "खोटं बोलून राहिला. येळच येळ व्हता."

दोघांची भांडणं ऐकायला लोक मुद्दाम तिकडून जायचे. विषय ठरलेले: वरणात मीठ, रेडिओचा आवाज, आणि कुठल्या तरी साली विकलेली एक गाय. सोमलाभाऊंचा एक कान गेलेला. त्यामुळे आप्पा त्यांच्याशी अर्धं तोंडानं आणि अर्धं मनगट दाबून बोलायचे. एकदा दाबलं की ऊठ, दोनदा दाबलं की माणूस लबाड आहे, गप बस. तीनदा दाबलं की काय, ते आम्हाला कधी कळलं नाही. गाव हसायचं, पण त्या हसण्याला धार नव्हती. "जू एकच हाय दोघायचं," असं म्हणून लोक आपापल्या कामाला लागायचे.

मग एका सकाळी ती बातमी आली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. रंगनाथच्या हॉटेलात पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. आतल्या पानावर कोपऱ्यात छापलं होतं, की परदेशात एके ठिकाणी पुरुषानं पुरुषाशी आणि बाईनं बाईशी लग्न करावं की नाही, यावर लोकांचं मतदान होणार आहे. मी वाचलं आणि पान उलटलं. पण बापूरावांनी पान परत उलटायला लावलं.

बापूराव म्हणजे गावातला सगळ्यात मोठा आवाज. "पुन्यांदा वाचा. माणसाचं माणसाशी? काहून, तिकडं बायका सरल्या काय?"

"वरात कोणाच्या दारात न्यायची मग?" रंगनाथ म्हणाला.

"आपल्याला काय तकलीफ?" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. "दोन दोन नवरदेव झाले तर हळद दुप्पट लागंल. हिंगोलीच्या बाजारात भाव चढंल."

"ह्ये हसण्यावारी नेऊ नका," बापूराव टेबलावर हात आपटत म्हणाले. "अशानं जग बुडंल. आप्पा, काढा रुमाल. आपलं बी मत होऊन जाऊ द्या. गोरेगाव काय म्हणतं, तिकडं कळू द्या!"

सगळ्यांनी बाह्या वर सारल्या. अशी संधी आप्पा सोडतील हे कोणाच्या मनातही नव्हतं. पण आप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला.

"ह्याचं मत मी घेणार न्हाई."

"काहून?"

"जनावर आपल्या दावणीचं न्हाई. दुसऱ्याच्या बैलाचा सौदा मी करत नसतो."

इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. बापूराव म्हणाले, "आप्पा भ्यायले!" तेवढ्यात सोमलाभाऊंनी चांगला कान माझ्याकडे केला. "मास्तर, त्या दोघायच्या लग्नाला ह्या समद्यायचं मत काहून लागतं?"

मी पेपराची घडी घातली. आप्पांनी त्यांचं मनगट दाबलं. किती वेळा, ते मी बघितलं नाही. दोघं उठून गेले. पुढे आठवडाभर बापूराव त्या विषयावर बोलत राहिले, आणि मग उसाच्या मोळीवरून दुसरं भांडण लागलं.

वर्षभरानं सोमलाभाऊ वारले. बाजारतळावरच्या खोलीतच. पुतण्या शंकर आणि तांड्यावरची मंडळी त्यांना तांड्यावर घेऊन गेली. आम्ही गावातले चारजण मागोमाग गेलो, बापूराव आणि रंगनाथही. आप्पा म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी येतो."

तांड्यावर पोचलो तर ओढ्याच्या काठाला खड्डा खणून होत आला होता. तिथली रीत अशी की लग्न झालेल्याला अग्नी द्यायचा आणि बिनलग्नाच्याला माती. त्यात कोणी विचारण्यासारखं काही नव्हतं. सोमलाभाऊंचं लग्न झालेलं नव्हतं.

तेवढ्यात आप्पा बैलगाडी घेऊन आले. गाडीत लाकूड होतं. त्यांनी खोल्यांमागचा आपला गोठा मोडून आणला होता, खांबांसकट.

"सोमलाला अग्नी द्यायचा," आप्पा म्हणाले.

शंकर बावरला. "आप्पा, काकाचं लगीन न्हाई झालेलं. रीत हाय ना."

"लगीन न्हाई झालं. संसार झाला."

खोदणाऱ्यांचे हात थांबले. कोणी आप्पांकडे बघेना. तांड्याचे नाईक म्हातारे, समजूतदार गृहस्थ.  ते म्हणाले, "आप्पा, मी एकटा कसा सांगू? लोकं काय म्हणतील?"

मला हॉटेलातली ती सकाळ आठवली. माझ्या मते बापूरावांनाही आठवली असावी. आप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि माझ्या हातात दिला.

"मास्तर, मत घ्या. आज दावण माझी हाय. मला घेता येत न्हाई."

नाईकांनी मान हलवली. त्यांनीही जन्मभर त्याच रुमालाखाली बैल घेतले होते. गावातले तिघं आणि तांड्यावरचे पाच पुरुष पुढे झाले. मी दलाल, म्हणून मला मत नव्हतं. तेवढ्यात मागून सोमलाभाऊंची भावजय, शंकरची आई, बायकांतून उठून आली.

"आमाला हात न्हाईत काय? तीस वर्सं दोघं दिवाळीला माझ्या दारात जेवून राहिले. एका ताटात. मला इचारा."

म्हणजे नऊ हात झाले.

मी रुमाल धरला आणि आप्पांसारखं आभाळाकडे बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. रुमालाखाली माणसाचा हात इतका ओळखीचा लागतो हे मला माहीत नव्हतं. शंकरचा हात मातीनं भरलेला होता. रंगनाथच्या हाताला चहाचा वास होता, तो माझ्या हाताला संध्याकाळपर्यंत राहिला. भावजयीच्या दंडापर्यंतच्या बांगड्या वाजल्या. बापूराव शेवटी आले. इतका मोठा आवाज असलेल्या माणसाचा हात इतका गार असेल असं वाटलं नव्हतं. हात बराच वेळ नुसताच पडून होता. मग काय ते त्यांनी दिलं.

मी रुमाल खाली केला.

"व्हय," मी म्हणालो.

"किती?" नाईकांनी विचारलं.

"व्हय. बास."

नाईकांना ते चाललं. त्यांनी खोदणाऱ्यांना खूण केली आणि माणसं लाकूड उतरवायला लागली. बापूराव पहिल्या खांबाला जाऊन भिडले. आप्पा मात्र जागचे हलले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी भुवया उंचावल्या. मी मान हलवली नाही. मग मी आकडा का सांगितला नाही, ते हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी एकेका माणसाकडे बघितलं: शंकर, नाईक, रंगनाथ, खांबाखाली वाकलेले बापूराव.

त्यांनी रुमाल माझ्याकडून घेतला. खांद्यावर टाकला नाही. सोमलाभाऊंजवळ जाऊन बसले, त्यांच्या हातावर रुमाल पसरला आणि त्याखाली आपला हात घातला. आम्हाला एवढंच दिसलं की कापडाखाली काहीतरी हलतंय. मग आम्ही सगळे लाकडं रचायला लागलो, म्हणजे तिकडे बघायला नको.

आप्पा त्यानंतर तीन वर्षं जगले. बाजार केला, वाद मिटवले, वरणातल्या मिठावरून एकटेच कुरकुरत राहिले. त्या दिवसाचा आकडा त्यांनी मला कधी विचारला नाही. जायच्या आदल्या आठवड्यात रुमाल वाचनालयात आणून दिला. "कपाटात ठिवा, मास्तर. पुस्तकाबराबर."

बापूराव अजून रंगनाथच्या हॉटेलात बसतात, आणि तसली बातमी आली की जग बुडेल असं अजून सांगतात. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते पेपराशिवाय काही वाचत नाहीत आणि पेपर मीच वाचून दाखवतो. हे मी वाचून दाखवणार नाही.

बाजारतळावरच्या दोन खोल्या बंद आहेत. गोठ्याच्या जागी खांबांचे खड्डे आहेत. रुमाल दुसऱ्या कपाटात, वरच्या फळीवर आहे.