मधाचं वाण

काळजी करणं हा माझा जन्मजात धंदा. म्हणूनच छाती ठोकून सांगते, अख्ख्या रायपुरात गच्चीवर मधमाश्या पाळायला माझ्याइतकी लायक बाई दुसरी नव्हती!

पेट्या येण्याआधीच तोंडावरची जाळी, धुराचा डबा, सुजेवरचं औषध, सगळं हजर. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला, शिवाय शेजारच्यांच्या फ्रिजवरही. तरी माझ्या नवऱ्याने, श्रीपादने, अट घातलीच : "ईराला एक जरी माशी चावली ना, तर दोन्ही पेट्या त्याच दिवशी इथून बाहेर!"

"एक पण नाही चावणार!" मी म्हणाले. ईरा आमची तीन वर्षांची. तिला डास चावला तरी मी त्याच्या मागे जिन्यापर्यंत जाते.

पहिला मध निघाला आणि मला संक्रांत सुचली. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या काय लुटायच्या? मधाच्या बाटल्या लुटू! पंचवीस-तीस घरांत एका दुपारीत जाहिरात! त्यातच ईराचं बोरन्हाण. गच्चीवर थंडीतलं उबदार ऊन होतं, आणि पेट्या लांब, पाण्याच्या टाकीमागे. मी सगळ्याचा विचार केला होता. सगळ्याचा!

बायका जमल्या. गजरे, अत्तर, हसणं-खिदळणं. सासूबाई गुलाबपाणी शिंपडत होत्या. मधोमध पाटावर ईरा, काळ्या झबल्यात, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार. नुसती साखरेची राणी!

तेवढ्यात क्षमाकाकूंनी बाटली उलटी केली. क्षमाकाकू म्हणजे आमच्या महिला मंडळाचं हायकोर्ट. मध जागचा हलला नाही.

"काहून व, साखर टाकली का यात?"

"नाही हो काकू! थंडीत मध थिजतो."

"आमच्या घरी दुकानातला हाय, तो तं नाई थिजत!"

सगळ्या बाटल्या पटापट उलट्या झाल्या. कुजबुज सुरू. माझा धंदा उभा राहायच्या आधीच आडवा पडायला लागला. सासूबाई कानाशी आल्या, "अवं, पाहून काय राहिली? गरम करून आण न थोडासा!"

मी धावत खाली गेले. बरणी गरम पाण्यात ठेवली, मध पातळ झाला, आणि सगळ्यांना धार नीट दिसावी म्हणून वर आणून चांगला उंचावरून परातीत ओतला. सोन्याची तार! घमघमाट थेट टाकीपर्यंत गेला.

टाकीमागून एक माशी आली. मग चार. मग मोजणं सोडलं.

आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, मला प्रशिक्षणातलं पहिलं वाक्य आठवलं : "पेटीजवळ काळे कपडे घालू नका. काळं दिसलं की माशीला अस्वल आल्यासारखं वाटतं."

मी समोर पाहिलं. संक्रांत! पंचवीस-तीस अस्वलं चटईवर मांडी घालून बसली होती! आणि मधोमध सगळ्यात छोटं अस्वल, तेही साखरेत मढवलेलं!

"कोणी हलू नका! हात झटकू नका!" मी ओरडले.

एक माशी ईराच्या मुकुटावर बसली. मग दुसरी.

"ईरा, स्टॅच्यू!"

ईरा पुतळा झाली. फक्त ओठ हलले. "मम्मी, ये मेरा हलवा खा रही है।"

"खाऊ दे बाळा. आपण नंतर दुसरा करू."

एक माशी कपाळावरून चालत नाकाच्या शेंड्यावर आली. मी श्वास घेतला नाही. ईराने डोळे तिरळे करून तिच्याकडे पाहिलं. माशी थांबली... आणि उडाली! मी दोरीवरची पांढरी चादर ओढून ईराला गुंडाळलं. मग बाकीच्या चादरी, उशांचे अभ्रे, सासऱ्यांचं धोतरसुद्धा! बायकांवर भराभर पांघरलं.

"अवं, संक्रांतीले सवाष्णीले पांढरं नेसवून राहिली तू!" सासूबाई धोतराआडून कळवळल्या.

"आई, नंतर बोला!"

गच्चीवर चिडीचूप. पांढऱ्या चादरींच्या ओळी, मधे परात, परातीवर माश्यांची पंगत. नेमका त्याच वेळी श्रीपाद वर आला. संक्रांतीचा नवाकोरा काळा कुर्ता घालून.

"अरे देवा! कोण गेलं?" असं ओरडत दोन्ही हात वर करून तो धावत आला.

ते हात हलवायला नको होते.

पाच मिनिटांनी त्याचं नाक आलूबोंड्याएवढं झालं. ईरा चादरीतून बाहेर आली आणि टाळ्या पिटत म्हणाली, "पापा को काटा! मेरे को नहीं काटा!"

अट फक्त ईराला चावण्याची होती. पेट्या राहिल्या! श्रीपाद बर्फ दाबत काहीतरी म्हणाला, पण ते नाकातून आल्यामुळे मी ग्राह्य धरलं नाही.

तोवर माश्यांनी परात चाटूनपुसून लख्ख केली आणि आपला मध आपल्या घरी परत नेला. माझा ऊर भरून आला. मी विजयी मुद्रेने क्षमाकाकूंच्या डोक्यावरची चादर बाजूला केली.

"पाहिलं ना काकू? खुद्द माश्यांनी सही केली! आता तरी पटलं, मध अस्सल आहे?"

काकूंनी परातीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. गजरा सारखा केला.

"माश्या तं जिलेबीवर बी येतात, पोरी."