दाजींचं पित्त

गेल्या ऑक्टोबरातला एक मंगळवार. कॅनडातला एक दवाखाना. रक्कम एकशे चाळीस डॉलर, आधी भरलेली. हजर: एक तरुण डॉक्टर, माझ्या भाचीचा नवरा मयूर, मी आणि माझे दाजी, म्हणजे भाची स्वातीचे वडील. पैसे जमा झाल्यावर डॉक्टरनं विचारलं, काय त्रास होतोय? मयूरनं त्याचं मराठी केलं. दाजींनी हाताची घडी घातली आणि म्हणाले, "वळखा."

ही दाजींची जुनी खोड. डॉक्टरला आपण होऊन काही सांगायचं नाही. "समदं आपुनच सांगायचं तर त्याला पैशे कशाचे द्यायचे? ढोरांचा डॉक्टर बैलाला ईचारतो का, कुठं दुखतंय म्हनून?" आळेफाट्याच्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे. दाजी समोर बसले की ते गुमान नाडी, जीभ, डोळे बघतात आणि ओळखतात. निमगाव सावाहून दाजी त्यांच्याकडेच जातात ते त्यामुळे.

कॅनडाच्या डॉक्टरला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. दाजींच्या कमरेभोवती वीतभर लाल पट्टा उठला होता, त्यावर पाण्याचे फोड, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनाही तेच. तो प्रश्न विचारत होता आणि दाजी "वळखा, शिकलाय ना?" म्हणत होते. शेवटी मी चिडून म्हणालो, "दाजी, मिनिटाला किती डॉलर पडतायत याचा हिशेब केलाय का?" तेव्हा ते भिंतीकडे बघत पुटपुटले, "पित्त उठलंय."

मयूर पुण्यात वाढलेला. अंगावर पित्त उठणं त्यानं ऐकलं नव्हतं. पित्त म्हणजे पोटातलं, एवढं त्याला माहीत. तसं त्यानं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरचा चेहरा एकदम गंभीर झाला आणि त्यानं पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. तीनशे दहा डॉलर! पित्ताशय उत्तम निघालं. खाज कातडीला आणि तपासणी पोटाची! भाषांतर चुकलं, हे मला बिल भरल्यावर कळलं, याचा राग अजून गेलेला नाही.

कातडीच्या मोठ्या डॉक्टरची तारीख मागितली तर सात आठवड्यांनंतरची मिळाली. आमचं परतीचं विमान सहा आठवड्यांनी. आपल्याकडं फाट्यावर कातडीचा डॉक्टर शनिवारी बसतो, नंबर लावला की दुपारपर्यंत मोकळं. याला म्हणे पुढारलेला देश!

हे सगळं सोसलं असतं. पण निघताना डॉक्टर म्हणाला होता, हे काय आहे ते नक्की कळेपर्यंत यांनी बाळाला घेऊ नये. स्वातीची मुलगी तेव्हा नऊ दिवसांची. लेकीच्या बाळंतपणाला आई जाते. माझी अक्का दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून दाजी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, आणि एकट्यानं एवढा प्रवास जमणार नाही म्हणून सोबत मी. आता ते दाराच्या चौकटीशी उभे राहून पाळण्याकडं बघायचे. स्वाती म्हणायची, "आप्पा, बसा ना." ते म्हणायचे, "हितून बरं दिसतंय."

गुरुवारी मी त्यांची बंडी धुवायला घेतली. आतल्या बाजूला कमरेशी काळा डाग. साबण लावला, घासला, तसूभर हलेना. असा डाग एकाच गोष्टीचा पडतो. मी बंडी घेऊन तसाच खोलीत गेलो.

"दाजी, हे पित्त न्हाय. हा बिब्बा उतलाय."

बिब्ब्याचं तेल अंगाला लागून फोड आले की आमच्याकडं उतला म्हणतात. दाजींनी बंडी हातात घेऊन डाग उजेडाकडं धरला.

"वळखलंत पावणं," ते म्हणाले.

"बिब्बा आणला कशाला इथं? आणि तोंड शिवून का बसलात? साडेचारशे डॉलर गेले!"

"पोरीला दृष्ट लागू नये म्हनून आनला. तुमच्या अक्कानं बांधला असता. किती फडक्यात गुंडाळायचा, कुठं बांधायचा, तिला समदं ठावं व्हतं. मला काय कळतंय? म्हनून आदी माज्याच कमरंला बांधून बघितला." मग हळूच, "स्वातीला नका सांगू. ती म्हनंल, आईला येत व्हतं, बापाला कायबी येत न्हाय."

न सांगून कसं चालेल? ते नातीला घेऊ शकत नव्हते ते केवळ या गप्प बसण्यामुळं. मी सरळ स्वातीला हाक मारली. तिनं बंडी बघितली, फोड बघितले. मला वाटलं आता भडकेल.

"आप्पा, आईला तरी कुठं येत होतं?" ती म्हणाली. "माझ्या मांडीवरचा काळा डाग कशाचा आहे? माझ्या बारशाला आईनं बांधलेला बिब्बा उतला होता. तिनंच सांगितलं मला."

दाजी उठून उभे राहिले. "तो डाग जन्माचा हाय म्हनली व्हती मला! तीस वर्सं!"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

"ओरडलोच असतो," दाजी म्हणाले, आणि डोळे पुसायला हात वर नेला. मी तो धरला, बोटांना फोड होते.

दुसऱ्या दिवशी बिब्बा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरनं दोन मिनिटांत मलम लिहिलं आणि सांगितलं, हे दुसऱ्याला होत नाही, फक्त फोड झाकून ठेवा, बाळाला खुशाल घ्या.

दाजींनी बोटांना पट्टी बांधली, धुतलेला सदरा घातला, मांडी घालून बसले. स्वातीनं मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळाला पहिल्यांदा घेताना रिकाम्या हातानं घेत नाहीत.

एकूण खर्च: दवाखान्याला दोन वेळचे मिळून दोनशे ऐंशी डॉलर. सोनोग्राफीला तीनशे दहा. मलमाला अठरा. आणि शंभर रुपये नातीला, रोख, मुठीत.