येतो म्हणालेली माणसं

“मला वाटतं” हे दोन शब्द कांदिवलीच्या ‘ऊनऊन डबा’ कंपनीत बंद झाले, तेव्हा संघमित्राला पहिली शिवी सुचली. दुसरी सुचली ती मुकुलने टेबलावर सायकलची घंटी बसवली तेव्हा.

“आजपासून वाटणंबिटणं बंद. आपण डेटावर चालणार. कोणी ‘मला वाटतं’ म्हटलं की घंटी!”

“मला वाटतं तुझं डोकं फिरलंय.”

ट्रिंग.

दोघं कॉलेजपासूनचे मित्र, कंपनीही दोघांची. मुकुल माणूस सोन्याचा, पण कुठलंही शिबिर करून आला की पंधरा दिवस अंगात आल्यासारखा वागायचा. मागल्या खेपेला त्याने सगळ्यांना उभ्याने मीटिंग करायला लावली होती. स्वयंपाकघर सांभाळणारी चंपाताई दुसऱ्या दिवशी पाट घेऊनच आली.

पण या वेळी प्रकरण गळ्याशी आलं होतं. गिऱ्हाइकं गळत होती. मधुकर रेगे नावाचे गृहस्थ कंपनीत पैसे घालायचे की नाही ते रविवारी ठरवणार होते. ते नाही म्हणाले की स्वयंपाकघराला कुलूप आणि चंपाताईसकट सगळ्या बायका घरी.

मुकुलने काउंटरवर माईक लावला. डबा बंद करणारे लोक रिकामा डबा परत द्यायला तिथेच येत. त्यांच्या बोलण्यातले शब्द एक सॉफ्टवेअर मोजायचं. आठवड्याने मुकुल नाचतच आला.

“मित्रा, झकास बातमी! डबा बंद करणारा जवळजवळ प्रत्येक जण शेवटी काय म्हणतो माहितीये? ‘बरं, येतो!’ म्हणजे लोक सोडून जात नाहीयेत. परत येतायत!”

संघमित्राने कपाळाला हात लावला. “अरे बाबा, मला वा...”

ट्रिंग. “डेटा असेल तर बोल.”

“मर मग!” म्हणाली आणि गप्प बसली.

मुकुलने सोडून गेलेल्या सगळ्यांना जेवायचं आमंत्रण धाडलं. परतलेली गिऱ्हाइकं रेग्यांना डोळ्यांनी दिसावीत म्हणून सोसायटीचा हॉल घेतला, खुर्च्या मांडल्या. उत्तर एकाचंही आलं नाही.

“उत्तर कशाला हवं? येतो म्हणालेत ना!”

रविवारी वडे तळून झाले, काळ्या वाटाण्यांचं सांबारं उकळून झालं. हॉलमध्ये एकटे रेगे बसले होते. चंपाताई झारा घेऊन बाहेर आली.

“गो बाय, माणसां खंय आसत?”

वड्यांचा तो डोंगर बघून संघमित्राचा राग पार विरघळला. तिने मुकुलला कोपऱ्यात ओढलं.

“सकाळी निघताना आईला काय म्हणालास?”

“काय म्हणणार? येतो म्हणालो.”

“जातो का नाही म्हणालास?”

“जातो म्हटलं तर आई दारातून परत बोलावते, म्हणते अशुभ...” मुकुल थांबला. चेहरा पांढराफटक. “वाट लागली! तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?”

“तुझी ती मेली घंटी! पण गप्प बसायला नको होतं रे. या बायकांचं काय होणार?”

तेवढ्यात रेगे हात पुसत उठले. एकटेच भरपूर जेवले होते.

“बरं, येतो,” म्हणाले आणि दाराबाहेर पडले.

मुकुल मटकन खुर्चीत बसला. “गेले.”

संघमित्रा त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

एवढ्यात रेगे पुन्हा दारात उभे. हातात गाडीतून आणलेला स्टीलचा डबा.

“असे काय बघताय? येतो म्हणालो होतो ना! यात वडे भरा, बायकोला नेतो. आणि तुम्ही दोघं उद्या माझ्याकडे या. बोलू.”

डबा गच्च भरून ते खरोखरचे गेले. मुकुलच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला.

“मित्रा, मला वाटतं रेगे पैसे...”

ठण्ण! चंपाताईने झारा कढईवर आपटला.

“डेटा खंय आसा?”