पाहुणे येईपर्यंत

"आज थोडक्यात, पाच मिनिटांत आटपायचं," वाचनालयाच्या चिटणीसबाईंनी बजावलं. "नाहीतर पुढच्या महिन्यापासून परिचय दुसरं कोणीतरी करेल."

परिचयकाकांनी मनगटावरचं घड्याळ काढून माइकशेजारी ठेवलं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एवढं एकच काम उरलं होतं : दर महिन्याच्या वक्त्याची श्रोत्यांशी ओळख करून देणं. घरी बायको बोलायची, ते ऐकायचे. बोलायचं ते इथे, माइकसमोर. आणि आज नेमकी तीच तिसऱ्या रांगेत येऊन बसली होती.

परिचय

"आजचे पाहुणे पुलांचे अभियंते आहेत. त्यांनी मोठमोठे पूल बांधलेत. मी त्यांना विनंती करतो..."

बाई धावत आल्या. "थांबा! ते रस्त्यात अडकलेत. वाढवा!"

"किती?"

"येईपर्यंत!"

परिचय (वाढीव)

काकांनी पुलांची लांबी सांगितली. मग रुंदी. मग रंग. मागे खुर्ची करकरली. एक जण उठला. सभागृह रिकामं झालं तर खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार, हे काकांना ठाऊक होतं.

"पाहुण्यांचं बालपण," ते घाईघाईने म्हणाले, "फार कठीण गेलं!"

उठलेला बसला.

परिचय (आवरेना)

आता बालपण आणायचं कुठून? जवळ एकच होतं. काकांनी तेच पुढे केलं.

"हा मुलगा बोलताना अडखळायचा. स्वतःचं नाव सांगताना तर हमखास. हजेरीला नुसता हात वर करायचा. घरी पाहुणे आले की माळ्यावर लपायचा, कारण ते नाव विचारणार. मग एक दिवस त्याला कळलं, दुसऱ्यांबद्दल बोलताना जीभ अडतच नाही..."

पहिल्या रांगेतल्या आजोबांनी रुमाल काढला. "माझ्याच वर्गात होता हो तो," ते शेजाऱ्याला म्हणाले.

दारातून बाई हातवारे करत होत्या. काका तिकडे बघायचंच विसरले होते.

वक्ता

शेवटच्या खुर्चीवरून एक गृहस्थ उठले. "मी मघाशीच आलोय. ऐकत बसलो. फक्त एक खुलासा. मी लहानपणी कधीच अडखळलो नाही. मला गप्प करायला घरचे शेजाऱ्यांना बोलवायचे. मग हा मुलगा कोण?"

काकांनी माइक घट्ट धरला. "तो... म... म..."

"आमचे हे!" तिसऱ्या रांगेतून काकू उभ्या राहिल्या. "मला बघायला आले तेव्हा यांचं नाव यांच्या भावाने सांगितलं. मला वाटलं, काय ही घमेंड! इतकी वर्षं तेच धरून बसले होते मी."

चिटणीसबाई दारातून पुढे आल्या. "पुढच्या महिन्यात वक्ते तुम्हीच. पण तुमचा परिचय कोण करणार?"

काकूंचा हात वर गेला. "मी. वेळ किती मिळेल?"

"हवा तेवढा."

काका माइकजवळ वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द उच्चारला.

"थ... थोडक्यात."