विल्मारचा न धुतलेला मफलर

लोकर धुवावी तर एडेल्मानेच! असं सगळं गाव म्हणायचं, आणि गाव म्हणायला विसरलं तर एडेल्मा स्वतः म्हणायची. "माझ्या हाताखाली आजवर एक मफलर आटला नाही, एक टाका सैल झाला नाही!" पाणी मनगटाला लावून बघायचं, लोकर चोळायची नाही, पिळायची तर मुळीच नाही, पंच्यात गुंडाळून हलकी दाबायची आणि सावलीत आडवी पसरायची. हे ती इतक्या थाटात सांगायची की ऐकणारीला वाटावं, उरुग्वेतल्या तमाम मेंढ्या हिला विचारूनच लोकर देतात.

अशा बाईच्या नवऱ्याच्या गळ्यात काय असावं? पायपुसणं! विल्मारची आई वारली तेव्हा तिच्या पेटीत तळाला एक पिवळा-काळा मफलर निघाला. पिवळा-काळा म्हणजे तालार, आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा रंग. "आईने माझ्यासाठी गुपचूप विणून ठेवला होता!" म्हणत विल्मार ढसाढसा रडला, आणि दुसऱ्या दिवशी तो गळ्यात घालून सामन्याला गेला. तालार जिंकलं. पुन्हा घातला, पुन्हा जिंकलं. आता जिंकत असताना अंगावरचं काही बदलायचं नाही, धुवायचं तर नाहीच, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. खाटीक दाढी करत नव्हता. पाद्रीबाबा भोक पडलेला एकच मोजा घालून फिरत होते. विल्मारच्या मफलरवर चोरिसो सॉसेजचं तेल, माते नावाच्या कडू पाल्याच्या चहाचे डाग आणि चुलीचा धूर यांची पुटं चढली होती.

अंतिम सामना आला, आणि तोही नदीपलीकडच्या मोलिनोशी! त्याच आठवड्यात शेजारची नेल्बा शाल धुवायला टाकून गेली आणि जाता जाता काडी लावून गेली.

"एडेल्मा, साऱ्या गावाची लोकर तू धुतेस, आणि घरातलं ते काय गं? तुला झेपत नाही वाटतं!"

झालं! एडेल्माचा शकुनावर विश्वास होता, पण लोकरीवर जास्त होता. विल्मार कामावर गेल्याबरोबर तिने मफलर खुंटीवरून काढला. 'अलगद धुवून सामन्याच्या आत पुन्हा टांगते. पुरुषांना कुठे काय दिसतं!'

पहिलं पाणी चहासारखं निघालं, दुसरं वरणासारखं. तिसऱ्या पाण्यात मफलर असा खुलला की एडेल्माने स्वतःचीच पाठ थोपटली. एक टाका हलला नव्हता! तिने तो सावलीत पसरला, कौतुकाने दोन पावलं मागे सरली आणि मटकन खाली बसली.

मफलर पांढरा-काळा होता.

पिवळा रंग नव्हताच कधी! तो पेटीतल्या वर्षांचा आणि चुलीच्या धुराचा होता. पांढरा-काळा म्हणजे मोलिनो. आणि सासूबाईंचं माहेर कुठलं? नदीपलीकडचं! म्हातारीने माहेरचा मफलर उभा जन्म पेटीच्या तळाशी जपला होता, आणि लेक तो घालून माहेरच्यांच्याच उरावर नाचायला निघाला होता.

"सासूबाई, मेल्यावरसुद्धा मला कामाला लावलंत!" एडेल्मा कपाळावर हात मारून म्हणाली. विल्मारला हे कळलं तर? सामना जाऊ दे खड्ड्यात, पण आईने आपल्यासाठी विणला या एका समजुतीवर तो माणूस पुन्हा उभा राहिला होता. ती समजूत एडेल्माला मोडायची नव्हती.

मग जन्मभर डाग काढणारी बाई डाग पाडायला बसली! तिने घरातल्या सगळ्या कांद्यांची सालं उकळली, पाणी कोमट होईपर्यंत जीव मुठीत धरून थांबली (घाईत गरम ओतलं असतं तर मफलर बाहुलीचा झाला असता!) आणि त्यात मफलर बुडवला. पिवळा झाला. पण फार देखणा पिवळा! मग माते शिंपडला, चोरिसोचं बोट पुसलं, चुलीवर धरला. प्रत्येक डागागणिक तिचा जीव तुटत होता.

रविवारी विल्मारने मफलर गळ्यात टाकला.

"दमट लागतोय गं!"

"थंडी आहे. मीसुद्धा दमटच आहे."

त्याने वास घेतला.

"कांदा! एडेल्मा, कांद्याचा वास येतोय!" विल्मारच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईच्या स्वयंपाकघराचा वास! म्हणजे आज आई बरोबर आहे!"

"असणारच," एडेल्मा पुटपुटली. "तिचाही सामना आहे ना आज."

शेवटच्या मिनिटाला तालारने गोल केला! क्लबात नुसता दंगा. विल्मारला खुर्चीवर चढवलं. त्याने मफलर दोन्ही हातांनी उंच धरला.

"माझ्या आईने विणला! आणि याला आजतागायत पाणी लागलेलं नाही! बायको रोज मागे लागायची, पण मी हात लावू दिला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! अध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की मफलर काचेच्या कपाटात ठेवायचा, खाली पाटी लावायची: 'कधीही न धुतलेला.'

एडेल्मा मफलरकडे बघत राहिली. दोनदा भिजून, एकदा रंगून, तीन दिवसांत दोनदा वाळून काठ कसा सरळ रेषेत होता! असं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. छाती भरून आली, शब्द ओठांशी आले. तेवढ्यात समोर विल्मारचा रडवेला, हसरा चेहरा दिसला.

नेल्बाने तिला कोपर मारलं. "खरंच कधी धुतला नाहीस?"

"नाही गं," एडेल्मा म्हणाली. "तसली लोकर मला नाही झेपत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच नेल्बा येऊन आपली शाल परत घेऊन गेली. म्हणाली, "राहू दे बाई, मीच धुते घरी."