धावपट्टीवरचे लटारूभाऊ

बुधवार, अकरा फेब्रुवारी एकोणीसशे एकोणसाठ. रक्कम : पंचवीस रुपये दंड आणि जातीला एक जेवण. हजर : ढिवर समाजाचे चार पंच, त्यांचे मुखिया सुकरूभाऊ, ज्यांच्यावर आरोप होता ते लटारूभाऊ, आणि लिहिणारा मी. मी त्या जातीचा नाही. पण गावात दौत आणि बऱ्यापैकी अक्षर माझ्याकडेच होतं, म्हणून पंचांनी मला बोलावलं होतं.

सुकरूभाऊंनी विचारलं, "लटारू, तू मेलेलं ढोर ओढलं का नाई ओढलं?"

लटारूभाऊंनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं आणि उलट विचारलं, "तुमची म्हैस कशी आहे जी? रवंथ करून राह्यली का?"

दोन पंच हसले. सुकरूभाऊ हसले नाहीत. त्यांची म्हैस चार दिवसांपासून खरोखरच आजारी होती.

लटारूभाऊंचं हे नेहमीचंच. माणसाची खुशाली ते विचारत नसत, ढोराची विचारत. माझी धाकटी मुलगी एकदा तापाने फणफणली होती. सकाळी लटारूभाऊ दारात उभे. माझ्या बायकोला वाटलं, मुलीसाठी आले. ते सरळ मागे गोठ्यात गेले, गाईच्या नाकपुडीला हात लावला, शेण पाहिलं, "गाय ठीक आहे बाई," असं सांगितलं आणि निघून गेले. "या माणसाला आपली गाय जगायला हवी आहे की मरायला?" बायकोने मला विचारलं. गावातल्या बायका तर त्यांना येताना पाहून गोठ्याचं फाटक ओढून घेत. कोणी म्हणे त्यांची नजर वाईट, कोणी म्हणे कातड्याच्या व्यापाऱ्याकडून दलाली घेतो. दोन्ही खोटं होतं. खरं कारण त्यांच्या नोकरीत होतं.

लढाईच्या दिवसांत आमच्या गावाबाहेर, तळ्याच्या अलीकडे, मुरूम दाबून विमानाची धावपट्टी केली होती. लांबी अकराशे वार. मी स्वतः साखळीने मोजली आहे. लढाई संपली आणि पट्टीवर गवत वाढलं. पुढे जंगलाचे नकाशे काढायला आणि साहेबलोकांना आणायला लहान विमानं येऊ लागली. खात्याने पट्टीवर एक कारकून नेमला, तो मी; आणि एक चौकीदार, ते लटारूभाऊ. पगार बत्तीस रुपये. चौकीदारीच्या आधी ते तळ्यात जाळं टाकत. पहिल्या वर्षी चार विमानं उतरली, दुसऱ्या वर्षी नऊ, तिसऱ्या वर्षी सतरा.

विमानं वाढत होती त्याच दिवसांत गिधाडंही वाढत होती.

गावात ढोर मेलं की गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांनी ते ओढून तळ्यापलीकडच्या खडकावर टाकायचं, असा जुना रिवाज. दोन वर्षांपूर्वी वस्तीने एकमताने ते काम सोडलं. योग्यच केलं, दुसऱ्याची घाण आपण का ओढायची? पण त्यांच्या जागी दुसरं कोणी पुढे आलं नाही. ज्याचं ढोर तोही मेलेल्या ढोराला हात लावीना. मग लोकांनी एक युक्ती काढली. जनावर आता जगत नाही असं दिसलं, की ते पायावर चालत आहे तोवरच त्याला हाकत नेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या जागी सोडायचं. तिथे ते आपोआप मरेल आणि कोणाला शिवावं लागणार नाही. गावाला सर्वांत जवळची मोकळी जागा म्हणजे धावपट्टीचं पूर्वेकडचं टोक.

विमान उतरायचं तेही पूर्वेकडूनच.

पंच बसले त्याआधीच्या ऑक्टोबरात एक विमान उतरताना गिधाड पंखाला धडकलं. मी शंभर पावलांवर उभा होतो. आवाज कोरड्या मडक्यावर काठी मारावी तसा झाला. विमान वाकडं झालं, सरळ झालं आणि टेकलं. पंखाला परातीएवढा खळगा. वैमानिक पंचविशीचा, नागपूरकडचा मुलगा. तो खाली उतरला, बादलीतल्या पाण्याने हात धूत राहिला. हातांना काहीच लागलेलं नव्हतं. मग म्हणाला, "दोन हात इकडे असतं, तर काच फोडून माझ्या तोंडावर आलं असतं. मागे तिघे बसले होते."

लटारूभाऊ त्याच्या हातांवर पाणी घालत राहिले. त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्मं झालं आणि मोजणी सुरू झाली.

ढिवर मासे गंड्यांनी मोजतात. चाराचा एक गंडा. लटारूभाऊ गिधाडंही तशीच मोजत. रोज सकाळी माझ्या टेबलासमोर उभं राहून सांगत, "येनाच्या झाडावर पाच गंडे आन् दोन. वर फिरून राह्यले ते अडीच गंडे." येन म्हणजे पट्टीच्या टोकाजवळचं ऐनाचं झाड. मी चाराने गुणून लिहीत असे : बावीस आणि दहा. खात्याच्या नोंदवहीत गिधाडांसाठी रकाना नव्हता, म्हणून मी शिसपेन्सिलीने एक आखला. तीन महिन्यांचे आकडे वर पाठवले. उत्तर आलं की पक्षी दिसल्यास चौकीदाराने हातवारे करून ते हाकलावेत. मी ते लटारूभाऊंना वाचून दाखवलं.

"वर फिरून राह्यलं त्याले हात दाखवू?" त्यांनी विचारलं. "थो मलेच मेला समजून खाली येईन जी."

त्यांनी आपल्या परीने हिशेब मांडला होता. सकाळी ऊन तापल्याशिवाय गिधाड उठत नाही. म्हणून विमान नेहमीसारखं साडेसातला आलं तर बरं. नऊ वाजले की धोका. आणि टोकाला ढोर पडलेलं नसलं तर गिधाडं तळ्यापलीकडे खडकावर जातात. म्हणजे ढोर टोकावर मरू द्यायचं नाही. त्यासाठी कुठलं ढोर कधी मरणार हे आधी कळायला हवं. गोठ्यागोठ्यात डोकावणं त्यासाठीच होतं. कोणी ऐकलं तर जनावर तळ्यापलीकडे हाकायला लावत. ऐकलं नाही आणि ते पट्टीवर मेलं, तर पट्टी दाबायचा रूळ ओढणारी खात्याची बैलजोडी जुंपून स्वतः खडकापर्यंत ओढून नेत. चार महिन्यांत सात ढोरं. सातव्या वेळी जातीतल्या कोणीतरी पाहिलं.

पंचांसमोर शेवटी त्यांनी कबूल केलं. "ओढलं जी. सात."

"काऊन ओढलं?" सुकरूभाऊ म्हणाले. "वस्तीवाल्यायनं सोडलं. तू काऊन धरलं?"

"त्यायनं सोडलं ते बराबर केलं. ज्याचं ढोर त्यानं ओढावं. तुमी ओढा, मी सोडतो."

यावर पंच चिडले. दंड ठरला, मुदत एक मार्चपर्यंत. तोवर लटारूभाऊंच्या हातचं पाणी कोणी प्यायचं नाही आणि त्यांच्या ओसरीवर कोणी बसायचं नाही. मी लिहून घेतलं. तसं पाहिलं तर त्यांच्या ओसरीवर आधीही कोणी बसत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मूल नव्हतं. एकट्या पुरुषाच्या घरी कोण कशाला जाईल?

एकोणीस तारखेला तार आली : उद्या विमान, वेळ नऊ. मी वाचून दाखवताच लटारूभाऊ खाली बसले. "साडेसातचं नऊ काऊन केलं जी?" मी म्हटलं, मोठे साहेब आहेत, त्यांच्या सोयीने. "वैमानिक कोन आहे? थोच पोरगा?" तोच होता.

वीस तारखेला सकाळी पावणेसातला ते माझ्या दारात. "बाबूजी, सुकरूभाऊची म्हैस आली."

"कुठे?"

"पट्टीवर. मेली."

मी सदरा घालत धावलो. म्हैस अगदी टोकाला, जिथे चाकं टेकतात तिथून तीसेक पावलांवर पडली होती. येनाच्या झाडावर गिधाडं पंख पसरून ऊन घेत होती. लटारूभाऊंनी न मागता आकडा सांगितला, "सात गंडे." अठ्ठावीस.

खात्याचे बैल आणून जुंपेपर्यंत साडेसात वाजून गेले. त्यांनी म्हशीच्या मागच्या पायांना दोर बांधला. आधीची सात ढोरं म्हणजे हाडकुळे बैल आणि वासरं होती. ही तळ्याकाठच्या हिरव्या गवतावर पोसलेली म्हैस. बैल तिला पाहून फुरफुरले आणि जागचे हलेनात. लटारूभाऊ बैलांसमोर, मी म्हशीच्या पाठीला खांदा लावून. मी आयुष्यात असलं काम केलेलं नव्हतं. घड्याळ मात्र बघत होतो. आठ वाजून पाच मिनिटांनी दहा पावलं. आठ वाजून वीस मिनिटांनी दोर तुटला. पुन्हा बांधला. साडेआठला झाडावरचं पहिलं गिधाड उठलं, एक वेढा घेऊन परत बसलं.

"उठून राह्यलं," लटारूभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तो ओळखू आला नाही.

तेवढ्यात बांधावर सुकरूभाऊ दिसले. विमान पाहायला आले असावेत, किंवा म्हैस पाहायला. मी कधी विचारलं नाही. त्यांनी आम्हा दोघांना पाहिलं, म्हशीला पाहिलं.

"मुखिया," लटारूभाऊ ओरडले नाहीत, नेहमीसारखंच बोलले, "दंड मंग लावजा. आता त्या पोराले जमिनीवर येऊ द्या."

सुकरूभाऊंनी धोतर खोचलं, खाली उतरले आणि दोराला हात घातला. म्हैस त्यांची होती. बैलांना त्यांचा वास ओळखीचा होता की काय कोण जाणे, बैल चालले. खडकापर्यंत नेणं शक्य नव्हतं. तळ्याचा बांध ओलांडून पलीकडच्या उतारावर तिला सोडलं तेव्हा नऊला सात मिनिटं होती. गिधाडं एकामागून एक उठली. आम्ही तिघे माना वर करून. माझ्या तोंडात माती होती, ती थुंकायचं मला सुचलं नाही. वेढे घेत घेत गिधाडं बांधाकडे सरकली, एक खाली आलं, मग दुसरं.

"दोन गंडे अजून वर," लटारूभाऊ म्हणाले. आणि विमानाचा आवाज आला.

विमान नऊ वाजून चार मिनिटांनी उतरलं. शेवटचं एक गिधाड त्याच्या डाव्या बाजूने, माझ्या अंदाजाने चाळीस हातांवरून गेलं. वैमानिकाने ते पाहिलंही नसावं. तो खाली उतरून हसला आणि चहा आहे का म्हणाला. साहेबांनी आमच्या कपड्यांकडे पाहून नाकाला रुमाल लावला. आम्ही कोणी काही सांगितलं नाही. लटारूभाऊ लांब उभे राहून त्या मुलाला चहा पिताना पाहत होते; कप रिकामा झाल्यावर ते खाली बसले आणि त्यांनी चिलीम भरली.

एक मार्चला रविवारी पंच पुन्हा जमले. सुकरूभाऊ खाली मान घालून म्हणाले, "दोर मी बी धरला. माझ्या ढोराले मी हात लावला, त्यात मले काई झालं नाई. दंड माफ. जेवन माफ. बाबूजी, लिवा."

मी टाक बुडवला. लटारूभाऊंनी हात वर केला.

"माफ नोको करा जी."

"काऊन?"

"पैसे माफ करा नाई तं नोको करा. जेवन माफ नोको करा."

एक पंच हसला, "अरे लटारू, लोकं दंड चुकवाले पाह्यतात, तू मागून घेऊन राह्यला का?"

लटारूभाऊ जमिनीकडे पाहत बोलले. "तिची तेरवी झाली, त्याच्यानंतर माझ्या घरी कोनी जेवलं नाई. मी एकटा मानूस. मी बलावलं तं कोन येईन? दंडाचं जेवन असलं तं यावंच लागते ना सगळ्यायले?"

सुकरूभाऊंनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी. घरातल्या बायामानसंही येतीन."

जेवण आठ मार्चला झालं. भात, तुरीची डाळ, तळ्यातल्या मासोळीचा रस्सा. पानं त्रेपन्न, माझी पाच धरून अठ्ठावन्न. माझ्या घरचे सगळे होते, ताप येऊन गेलेली धाकटीही. वाढायला जातीतली मुलं होती, पण लटारूभाऊंनी भाताची टोपली कोणाला दिली नाही. प्रत्येक पानासमोर वाकून ते विचारत, "अजून घ्या जी. अजून घ्या." माझ्या मुलीच्या पानात त्यांनी तीन वेळा वाढलं.

हात धुऊन झाल्यावर त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि सुकरूभाऊंसमोर नोटा ठेवल्या. सुकरूभाऊंनी मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि माझ्याकडे सरकवल्या. मीही मोजल्या. पन्नास रुपये होते.

"पंचवीस जास्त आले लटारू," सुकरूभाऊ म्हणाले.

"जास्त नाई जी. पाऊस लागला का ढोरं मरतेत. मी ओढनारच." त्यांनी अंगणातल्या उष्ट्या पत्रावळींकडे पाहिलं. "पुढच्या सालचा दंड आत्ताच घेऊन ठेवा. जेवनाची तारीख मात्र तुमी ठरवा."

मी लिहिलं : रुपये पन्नास, लटारूभाऊंकडून, मुखिया सुकरूभाऊ यांच्या हाती, रोख. पैकी पंचवीस झालेल्या कसुरीबद्दल, पंचवीस व्हायच्या कसुरीबद्दल. मिळाले.