नागोराव काकांची फुंकणी

नागोराव काकांना कुणी "काय काका, बरं हाय ना?" असं विचारलं, तर ते बरं आहे असंही सांगत नाहीत आणि बरं नाही असंही सांगत नाहीत. ते आकडा सांगतात.

"दोनशे चाळीस."

मी उमरीत बदलून आलो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, त्या पहिल्या सकाळी मलाही हेच उत्तर मिळालं. मला वाटलं, रक्तातली साखर. मी आपला शेजारधर्म म्हणून म्हणालो, "मग गोड बंद करा काका." त्यांनी माझ्याकडं नापास झालेल्या पोराकडं बघावं तसं बघितलं.

"साखर न्हाई गुरुजी, श्वास. आपल्या फुंकीचा जोर किती, त्याचा आकडा."

आणि त्यांनी खिशातून एक प्लॅस्टिकची नळी काढली. तिच्या अंगावर आकडे आणि एक छोटा काटा. तोंडात धरून जोरात फुंकलं की काटा पुढं सरकतो. फुंक जितकी दमदार, तितका आकडा मोठा. डॉक्टर तिला पीक फ्लो मीटर म्हणतात, काका 'गेज' म्हणतात आणि काकू 'फुंकणी' म्हणतात. काकूंनी फुंकणी म्हटलं की काकांचा दोन-चार आकडे तरी श्वास वाया जातो.

गेज म्हणायलाही कारण आहे. काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात मोजमाप करण्यात गेली. सकाळी बरोबर साडेआठला पर्जन्यमापकातला पाऊस मोजायचा, मग धरणाच्या पट्टीवर पाण्याची पातळी बघायची आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. लातूर जिल्हा नवाच झाला, तेव्हा ते शिरूर अनंतपाळच्या बाजूला होते. आकडा जुन्या जिल्ह्याला कळवायचा की नव्या, याचा हुकूम काही केल्या येईना. काका इमानदारीत दोन्हीकडं कळवत राहिले. वर कुठंतरी कुणीतरी दोन्हींची बेरीज केली आणि त्या कोरड्याठाक मुलखात कागदोपत्री चांगला पाऊस झाला. काका हे सांगताना अजून लाजतात.

दुष्काळी सालात तर आभाळात ढगाचा पत्ता नसायचा. पर्जन्यमापक कोरडा आहे हे अख्ख्या गावाला घरबसल्या कळत होतं. तरी काका साडेआठला जायचे, झाकण काढायचे, आत डोकवायचे आणि वहीत सुबक अक्षरात शून्य लिहायचे.

"घरी बसून कामून न्हाई लिहिलं?" मी विचारलं होतं.

"बघितल्याबगर शून्य लिहायचा न्हाई, गुरुजी. कुणी सांगितलं की तो शून्यच हाय म्हणून?"

असा हा माणूस. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून बेजार झाला होता. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या उन्हाळ्यात धुरळा उठला आणि काकांना छाती भरून दवाखान्यात न्यावं लागलं. नांदेडच्या छातीच्या डॉक्टरांनी त्यांना मोठ्या मशीनच्या नळीत फुंकायला लावलं, कागद काढला आणि सांगितलं, हा सीओपीडी. वर्षानुवर्षांच्या बिड्यांनी श्वासाच्या नळ्या अरुंद केल्यात. पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडायला पाहिजे, तिच्या अठ्ठेचाळीस टक्केच पडते.

दुसरा कुणी असता तर हवालदिल झाला असता. काका कागदावर वाकले. म्हणाले, "म्हंजे धरण भरलेलं हाय, दरवाजा अडकलाय."

डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर. मग काय, काकांची कळी खुलली. तेव्हापासून ते भेटेल त्याला समजावतात, "धरणात एक उपयुक्त साठा असतो, एक मृतसाठा. मृतसाठा दिसतो, पण दरवाज्याच्या खाली पडतो, बाहेर काढता येत न्हाई. माझ्या छातीत तसंच. जुनी हवा निघंना, मग नवी बसणार कुठं? लोकाला वाटतं दम लागला की हवा आत ओढावी. उलटं हाय. आधी बाहेर सोडायला शिकावं."

आणि ते शिकले. ओठ चंबूसारखे करून, गरम चहा फुंकावा तसा हळूहळू श्वास सोडायचा. बिडी त्याच दिवशी सुटली. तोंडात मारायचा औषधाचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबत-दाबत सावकाश ओढायचा आणि दहा अंक मोजेपर्यंत धरायचा. दवाखान्यात दुसरा कुणी पेशंट पंप तोंडात घेऊन घाईनं फसकन मारताना दिसला की काका खुर्चीवरून उठतात आणि त्याची शिकवणी घेतात. डॉक्टरांनी त्यांना एकदा गमतीनं विचारलं, की पगार किती घ्याल?

घरात भिंतीवर त्यांनी धरणावर असते तशी पट्टी रंगवली आहे. वर हिरवा, मध्ये पिवळा, खाली लाल. रोज सकाळी तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. पिवळ्यात उतरला तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, लाल आला तर थेट दवाखाना. "लाल निशाणीवर पाणी आलं की वरच्याला कळवायचं. तिथं शहाणपणा करायचा न्हाई."

बरं, स्वतःचं मोजून गप्प बसावं की नाही? पण काकांनी कागदी नळ्यांचा एक डबाच आणून ठेवला, प्रत्येकाला नवी कोरी, आणि आमच्या गल्लीतला एक माणूस फुंकल्याशिवाय सोडला नाही. दूधवाला पाचशे वीस. पोस्टमन चारशे ऐंशी. मी चारशे दहा, त्यावर "खडू कमी खात जा" हा शेरा. नव्या जिल्ह्याची मागणी घेऊन एक पुढारी सह्या मागायला आले, त्यांनाही काकांनी आधी नळी दिली. काटा तीनशेवरच थबकला. "एवढ्या फुंकीत नवा जिल्हा कसा व्हावा?" काका म्हणाले आणि सही मात्र केली.

धुराचं तर त्यांना वावडंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुरापासून लांब राहा. काकांनी हुकूम तंतोतंत पाळला. आपली खाट पुढच्या ओसरीत आणली आणि चूल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवली. घरात गॅस होता. पण भाकरी चुलीवरचीच पाहिजे, हा त्यांचा एकच चोचला आणि काकूंनी तो कधी मोडला नाही. चहा घेऊन पुढं आल्या की पदरानं डोळे पुसत म्हणायच्या, "झालं का फुंकून? मी बी आत्ताच फुंकून आले." आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

काकू माहूरकडच्या. काका दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी रेणुकामातेला बोलून ठेवलं होतं, की यांना त्यांच्या पायांनी चढवून तुझ्या दारात आणीन. काका फारसे देवभोळे नाहीत. पण म्हणाले, "कबूल तिनं केलं, चढायचं मला हाय. आकडा तसा आणावा लागंल." डॉक्टर म्हणाले, आजार बरा होणार नाही, पण पायांत आणि छातीत ताकद आणता येईल. रोज चाला, थोडं थोडं वाढवा, लस घ्या, मग बघू.

वर्षभर काका चालले. पहिल्या आठवड्यात शाळेच्या फाटकापर्यंत, मग बाजारापर्यंत, मग रेल्वे फाटकापर्यंत. दोनदा पिवळ्यात गेले, एकदा लालमध्ये. लालमधून परत आल्यावर पुन्हा शाळेच्या फाटकापासून सुरुवात. मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटायचं. माझी छाती धडधाकट, तरी मी जिन्याला कुरकुरायचो. काकू बरोबर असायच्या, चार-पाच पावलं मागं. आमच्याकडं जुन्या बायका तशाच चालतात. गल्लीतले लोक म्हणायचे, जोडा बघावा तर असा.

नवरात्राची गर्दी ओसरल्यावर आम्ही तिघं माहूरला गेलो. सकाळचा आकडा दोनशे पन्नास. पायथ्याशी डोलीवाले पुढं आले, "बाबा, बसा की, वर नेऊन सोडतो." काकांनी नुसता हात हलवला. चढताना बोलायचं नाही हा त्यांचा नियम. श्वास घेताना थांबायचं, सोडताना चढायचं, दहा पायऱ्या झाल्या की विसावा. कुंकवाच्या दुकानातले लोकही बघायला लागले. एक नारळवाली तर मोठ्यानं मोजायलाच लागली, "आठ, नऊ, दहा! बसा आता, बाबा."

दोन तृतीयांश चढण झाली. वर कळस दिसायला लागला. काका कठड्याला टेकले, दम जागेवर आणला आणि काकूंना काहीतरी सांगायला हसत मागं वळले.

काकू चार पावलं मागं नव्हत्या. पंधरा-वीस पायऱ्या खाली बसल्या होत्या. एक हात पायरीवर, एक छातीवर आणि दोन्ही खांदे वर-खाली होत होते. मी धावत उतरलो.

"काही न्हाई भाऊ," त्या तुटक तुटक म्हणाल्या. "पदर... अडकला जरा."

काका उतरून आले. त्यांच्या हिशोबात उतरलेली प्रत्येक पायरी पुन्हा चढायची होती, पण ते मोजत नव्हते. त्यांनी काकूंच्या गळ्याकडं बघितलं. दर श्वासाला गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. ती खूण त्यांना पाठ होती. काकूंचा दम थोडा बसेपर्यंत ते थांबले. मग खिशातून गेज काढलं, नवी नळी लावली आणि काकूंपुढं धरलं.

"मला आता फुंकायला शिकवता व्हय?" काकू हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या आणि फुंकल्या. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

"एकशे दहा," काका म्हणाले.

"चांगलं हाय का?"

काकांनी खिशातला घडीचा तक्ता काढला. वय आणि उंचीप्रमाणं बायकांचा आकडा किती असावा, ते त्यात असतं. काकूंची उंची विचारायची गरज पडली नाही, ती आपल्या खांद्याला लागते, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बोट फिरवलं आणि तक्ता मिटला. आकडा निम्म्याच्याही खाली होता.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दम."

"चुलीपुढं बसणाऱ्या बाईला दम लागतोच की. त्याचं काय मोजायचं?"

"मग वर्षभर रस्त्यानं तू मागं-मागं राहायचीस..."

"तुमच्यासंगं पाय उचलत नव्हता ना मला."

काका तिथंच पायरीवर बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, मर्यादा पाळून राहिलीस."

आणि त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. मी दुसरीकडं बघितलं. मलाही रडू येत होतं आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. गल्लीत सगळ्यांनी फुंकलं होतं, पण चहा घेऊन येणाऱ्या बाईच्या हातात ती नळी द्यावी, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

काकू म्हणाल्या, "मी बसते. तुम्ही जा वर. थोडंच राहिलंय. मी देवीला बोललेली हाय, ते मोडू नका."

काका चढू शकले असते. वर्षभर त्याच पायऱ्यांसाठी ते चालले होते. त्यांनी ओटीची पिशवी माझ्या हातात दिली.

"गुरुजी, एवढं तुम्ही पोचवा. देवीला सांगा, माणूस आला होता, बायकोपाशी बसलाय."

मी ओटी देऊन, प्रसाद घेऊन परत आलो, तेव्हा काका काकूंच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. येणारे-जाणारे बघत होते आणि काकू अवघडून गेल्या होत्या. "नाकानं घे," काका सांगत होते. "आता सोड. चहा फुंकतीस तसं. सोड अजून. घाई न्हाई."

उतरायची वेळ झाली. काकू सवयीनं बाजूला सरून थांबल्या, काका पुढं होतील म्हणून. काका हलले नाहीत.

"तू पुढं चल."

"आता गं बाई. लोक काय म्हणतील?"

"चल तू. तुझा पाय पडंल तसा मी टाकतो."

काकूंनी एकवार माझ्याकडं बघितलं, पदर सावरला आणि पहिली पायरी उतरल्या. तिथं थांबून त्यांनी वळून बघितलं. काका एक पायरी मागं होते.

"हाव, मागंच हाय मी," ते म्हणाले. "हळू चल."